पॉइंट एक

१६ नोव्हेंबर, रविवार

काल रात्री डेबियनचा मेल आला, पॅकेज स्वीकारलं म्हणून. डेबियन म्हणजे जगभरचे आम्ही लोक मिळून फुकट सांभाळतो ती संगणकप्रणाली, आणि तिच्यातला एक प्रोग्रॅम, म्हणजे पॅकेज, माझ्याकडे. मी काही पाठवलंच नव्हतं. लाईट नुकती आलेली, राउटरचे दिवे एकेक करून लागत होते, आणि माझ्या पॅकेजची -३.१ ही आवृत्ती सिडमध्ये, डेबियनच्या कच्च्या, सतत बदलत्या भागात, जाऊन बसलेली. मी सोडलेली शेवटची होती -३. पुढचं टिंब आणि एक, हे दोन्ही माझे नाहीत.

सकाळी भाकरी थापतानाही ते टिंब डोक्यात. एक भाकरी करपली. आईने हातातलं उलथनं काढून घेतलं. बोलली काही नाही.

मेंटेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारा, सोडून दुसऱ्या कुणी अपलोड केलं की आकड्याला असं शेपूट लागतं, हे मी स्वतः किती नव्या पोरांना समजावलंय. शेपूट म्हणजे अपमान नव्हे, हेसुद्धा. ‘पॅकेज तुझ्या मालकीचं नसतं रे, तू फक्त त्याची राखण करतोस.’ किती शहाणपणाने सांगायचे मी! ते दुसऱ्याच्या पॅकेजबद्दल होतं.

चेंजलॉग, म्हणजे बदलांची वही, उघडला. वर त्या दुसऱ्याची नोंद, खाली माझ्या. पहिलीच ओळ, नॉन-मेंटेनर अपलोड, थोडक्यात एनएमयू. मग जीसीसी १५ या नव्या कंपायलरवर, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम करणाऱ्या हत्यारावर, बिल्ड फुटत होतं ते दुरुस्त केलं, अमुक बग बंद. शेवटची सहीची ओळ नेहमीसारखी. आधी एक मोकळी जागा, दोन डॅश, नाव, मेल, मग दोन मोकळ्या जागा आणि तारीख. या दोन जागांपैकी एक चुकली की हत्यारं कुरकुरतात. सुरुवातीला मी ती कितीदा चुकवली असेन. त्याची ओळ बिनचूक. माझ्या सगळ्या नोंदी +०५३० ने, आपल्या भारतीय वेळेने, संपतात, एकाखाली एक, पायरीवर ओळीने मांडलेल्या पणत्यांसारख्या. आणि आता सगळ्यात वर +०१००. ४ नोव्हेंबर, रात्रीचे २३:४७. म्हणजे आपल्याकडे ५ तारखेच्या पहाटेचे ४:१७. त्या दिवशी त्रिपुरी. पहाटे मी झोपलेली, आणि संध्याकाळी देवळात आईबरोबर वाती लावत होते. फोन पिशवीत, पिशवी चपलांपाशी.

त्याचा मेल तेव्हाच आला होता. उघडलाच नव्हता.

सगळा हिशोब मांडून बघितला, कारण चूक कुणाची ते मला नेमकं हवं होतं. बग आला फेब्रुवारीत. नव्या कंपायलरमध्ये सी भाषेचं २०२३ चं मानक आपोआप लागू होतं, त्यात ‘बूल’, म्हणजे खरं-खोटं साठवायचा प्रकार, हा भाषेचाच शब्द झाला. आमच्या मूळ लेखकाने कुठल्या जमान्यात स्वतःचा ‘बूल’ घरी बनवून ठेवला होता. शिवाय रिकाम्या कंसांची फंक्शनं, ज्यांना पुढे खुशाल दोन-दोन गोष्टी पाठवल्यात. जुना कंपायलर चालवून घ्यायचा. नवा घेत नाही. मी बगवर लिहिलं, ट्रिक्सी, म्हणजे डेबियनची पुढची पक्की आवृत्ती, सुटली की बघते. तेव्हा ते बरोबरच होतं. पंधरा मार्चपासून फ्रीझ चालू होणार, नवा कंपायलर काही ट्रिक्सीत येणार नव्हता, उगाच कशाला हात लावा.

फ्रीझ मला कधी जड गेला नाही. इथल्या माणसाला बंदी कळते. १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढलेल्या, जाळी अंगणात. मासळी नाही म्हणून कोणी बोंब मारत नाही, सुका बांगडा काढतात. तसंच ते. नवं काही आत घ्यायचं नाही, आहे त्यातली भोकं शिवत बसायचं. ट्रिक्सी सुटली ती ९ ऑगस्टला, नेमकी राखीपौर्णिमेला. मी दादाला गंमत म्हणून कळवलं की आमचाही नारळ आज समुद्रात पडला. त्याने अंगठा पाठवला.

मग गणपती. मग आईचं ते. मग भात कापायला आलं आणि पाऊस जाता जाईना, पेंढ्या भिजल्या, वाळवायला पडवी पुरेना. मधेच बगची तीव्रता वाढून गंभीर झाली. ‘टेस्टिंगमधून काढायच्या यादीत आहे’ (टेस्टिंग म्हणजे पुढची आवृत्ती जिथे तयार होते तो भाग) असा मेल आला, आणि नुसतं माझंच नाही, त्याच्या अंगावर टेकलेली आणखी दोन पॅकेजंही जातील म्हणून. तो मेल मी वाचला. वाचून त्याला तारा लावून ठेवला. माझ्या मेलमध्ये तारे आता इतके झालेत की अमावस्येलाही उजेड पडावा.

काम होतं चार ओळींचं. ही चार ओळींची कामंच राहतात. मोठं असतं तर रजा काढून केलं असतं.

वाईट कशाचं वाटलं, ते दुपारपासून शोधतेय. काम दुसऱ्याने केलं याचं नाही. केलं ते चांगलं केलं, याचं थोडं. मी असते तर बिल्डला जुनं मानक लावून मोकळी झाले असते, एका ओळीत. त्याने तसं केलं नाही. तो घरगुती ‘बूल’ काढला, रिकाम्या कंसांत काय काय येतं ते आत जाऊन बघून भरलं, पॅचच्या डोक्यावर नीट कारण लिहिलं, मूळ लेखकालाही धाडून दिलं. मूळ लेखक उत्तर देणार नाही, गेली कित्येक वर्षं त्याने कुणालाच दिलेलं नाही. पण ते याला काय माहीत. तो रीतीने वागला.

आणि रीतीचा कळस म्हणजे त्याने दहा दिवस थांबवलं. नियमाप्रमाणे एवढ्या जुन्या गंभीर बगला, मेंटेनर गप्प असेल तर, थांबायची गरजही नव्हती. तरी दहा दिवसांच्या रांगेत टाकलं आणि मला लिहिलं, अजून थांबू का ते नि:संकोच सांगा. ती ओळ वाचून मला रडूच आलं. म्हटलं, बघा, परका माणूस, रात्री पावणेबाराला जागून किती हळुवार लिहितो! अर्ध्या तासाने आठवलं की ती ओळ तो लिहीत नाही, हत्यार लिहितं. एनएमयूडिफ चालवलं की ते पत्र तयार होऊनच येतं. मी स्वतः तेच पत्र तिघांना पाठवलंय. त्यांनाही रडू आलं असेल का? नसेल. त्यांनी बहुतेक तारा लावला असेल.

हसू आलं मग. पण टिंब काही गेलं नाही.

त्यानंतर मी जे केलं ते लिहायला नको वाटतं, पण रोजनिशीत नाही तर कुठे लिहायचं. दोन्ही आवृत्त्या उतरवून घेतल्या आणि त्यांतला फरक दाखवणारं डेबडिफ चालवलं. ओळ न् ओळ तपासली. स्वतःला कारण सांगितलं एक्सझेडचं, फाइली आवळणाऱ्या त्या प्रोग्रॅमचं. ते काही खोटं कारण नाही. दोन वर्षांहून जास्त काळ कोणी तरी अगदी गोड गोड मदत करत राहिलं, थकलेल्या एकट्या मेंटेनरचा भार उचलत राहिलं आणि शेवटी आत चोरदार ठेवून दिलं. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंडने ते जगासमोर आणलं, तेही सिडवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याच्या मागे लागला म्हणून. तेव्हापासून फुकट मदत करणाऱ्याकडे आपण सगळेच जरा तिरके बघतो. पण मी चोरदार शोधत नव्हते. मी शोधत होते आगाऊपणा. एखादी ओळ त्याने उगाच बदललेली असावी, माझ्या रूल्स फाईलमध्ये स्वतःची शैली घुसवलेली असावी, म्हणजे मला रागवायला जागा मिळाली असती.

काही नाही. एक पॅच, यादीत त्याचं नाव, आणि चेंजलॉग. बाकी सगळं जिथल्या तिथे. वर्णनातली माझी स्पेलिंगची चूकसुद्धा त्याने तशीच ठेवलीय. ती त्याला दिसली नसेल असं होणारच नाही.

चहाला आईने शेवटी विचारलंच.

“काय गो, कोण मेला काय?”

सांगितलं. माझं काम होतं, मी केलं नाही, दुसऱ्याने करून टाकलं.

“पैशे कोण देता तुका त्येचे?”

“कोणीच नाय.”

“त्येका?”

“त्येकापण नाय.”

“मगे बरा झाला. रडतंस कित्याक?”

हे बोलणारी बाई कोण, तर गेल्या पावसात वरच्या बाजूचा गडगा कोसळला आणि बाबांच्या... आणि आमच्याकडे माणूस नव्हता, तेव्हा शेजारच्या अण्णांनी न सांगता तो लावून दिला. दोन दिवस एकटे चिरे आणि दगड रचत होते. आईने चहा दिला, जेवायला वाढलं, तोंडभर कौतुक केलं. आणि अण्णा गेल्यावर संध्याकाळी फणसापासून गडग्यापर्यंत पावलं मोजली. एकदा नाही, दोनदा. गडगा होता तिथेच होता. उलट वीतभर त्यांच्याच बाजूला सरकला होता. त्यावर तिला राग आला तो वेगळाच. आठ दिवस अण्णांचं नाव काढलं नाही घरात. नवव्या दिवशी आमसुलं पाठवली, चांगली किलोभर.

मी तिला म्हटलं, तू पावलं मोजलीस तशीच मी मोजतेय. तिने ऐकलं नाहीसं केलं आणि कप विसळायला गेली.

सातबाऱ्यावर नाव अजून माझंच आहे, हे मात्र मी चारदा बघून घेतलं. कंट्रोल फाईलमध्ये मेंटेनर म्हणून मीच. एनएमयूने ते बदलत नाही. चेंजलॉग म्हणजे फेरफार, त्यावर नोंद त्याची. आमच्या वाडीत या दोन कागदांवरून जेवढी भांडणं झालीत तेवढी... असो. डेबियनमध्ये निदान तलाठी नाही. पण सातबाऱ्यावर नाव असून उपयोग काय, नांगर धरतो कोण, हा प्रश्न आमच्या घरात नवा नाही. कसेल त्याची जमीन. १ एप्रिल १९५७, कूळकायद्याची ती तारीख. खालच्या कुणग्याचं त्यानंतर काय झालं ते आजोबा शेवटपर्यंत सांगत बसायचे आणि मी मनात म्हणायचे, पण तुम्ही कधी चिखलात उतरला होतात का? लहान होते, तोंडावर विचारलं नाही. आज कोणी मला विचारलं तर?

उतरले होते, एवढं म्हणू शकते. हे पॅकेज मी अनाथांच्या यादीतून उचललं होतं. क्यूए, म्हणजे गुणवत्ता बघणाऱ्या, गटाच्या नावावर पडलेलं, कोणी वाली नाही. पहिलं अपलोड माझ्यासाठी दुसऱ्याने केलं, कारण माझी सहीची चावी तेव्हा किरिंगमध्ये, डेबियनच्या मान्य चाव्यांच्या जुडग्यात, नव्हती. चावीवर एकेक सही मिळवायला पासपोर्ट घेऊन हिंडलेय. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कोचीला डेबकॉन्फ, डेबियनवाल्यांची वार्षिक परिषद, होती तेव्हा कोकण रेल्वेने गेले. बोगदे, पाऊस, बोगदे. तिथे एका टेबलाशी आम्ही पाच-सहा जण एकमेकांचे पासपोर्ट उजेडात धरून बघत होतो, लग्न जमवायला बसल्यासारखे. परत आले ती अंगात वारं भरून. आता महिनोन् महिने चार ओळी होत नाहीत.

सोडून द्यावं का? दत्तक हवंय अशी नोंद टाकायला पाच मिनिटं लागतात. मसुदा तर उन्हाळ्यापासून तयार आहे. आज उघडला. पहिल्याच वाक्यात ‘वेळेअभावी’ असा शब्द होता. वाचून स्वतःचाच राग आला आणि मिटवला. वेळ असतो. रात्री दहानंतर रोज असतो. त्या वेळात मी काय बघत बसते ते इथे लिहिणार नाही.

संध्याकाळी बंदराकडे जाऊन आले. वारा पडलेला, पवनचक्क्या उभ्या. एक ट्रॉलर दुसऱ्याला ओढून आणत होता, मशीन बंद पडलं असावं. धक्क्यावर कोणाला त्याचं काही नव्हतं. दोर टाकला, बांधला, बर्फाची भांडणं सुरू. ज्याला ओढून आणलं त्याचा तांडेल विडी ओढत बसलेला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, लाज वाटतेय का म्हणून. त्याला वाटलं मला मासे हवेत. सौंदाळे घेऊन आले.

रात्री त्याचं सगळं गिटमध्ये, माझ्याकडच्या कोडच्या साठ्यात, ओढून घेतलं. ते करावंच लागतं, नाही तर माझ्या पुढच्या अपलोडमध्ये त्याचं काम पुसलं जाईल. मनात आलं नाही असं नाही. -४ ची नोंद उघडली. -४ आली की आकड्यातलं टिंब जाईल, पण फेरफारात -३.१ राहणारच, माझ्या दोन नोंदींच्या मधे, कायमचं, +०१०० सकट. आता ते बघायची सवय होईल. डेबियनच्या मानकांची आवृत्ती जुनी होती ती वाढवली. मूळ लेखकाचं नवं काही आलं का ते बघणारी वॉच फाईल बघितली. वर्णनातली स्पेलिंगची चूक दुरुस्त केली, सात वर्षांनी. चुका शोधणारं लिंटियन चालवलं, एकच कुरकुर राहिली आणि ती रास्त आहे.

पहिल्या ओळीत एनएमयूची पोच आणि आभार लिहायचे होते. ‘खूप खूप आभार’ लिहिलं. मग एक खूप काढला. मग दुसराही काढला, कारण दोन महिन्यांनी वाचताना ते मलाच टोचलं असतं. त्याला वेगळा मेल लिहिला, स्वतः, हत्यार न वापरता. सहराखणदार म्हणून नाव घालू का, असं विचारलं. पाठवायच्या आधी आई झोपेतून ओरडली, सौंदाळ्यांवर झाकण ठेवलंस काय गो. ठेवलं नव्हतं. जाऊन आले तोवर मांजराने एक नेलेला.

मग पाठवलं.