सावली टाकीकडे कधी जाणार?

सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा आहे. तिथे मी तिसरी-चौथीला शिकवते. पटांगणाच्या उत्तरेला पाण्याची टाकी, दक्षिणेला मारुतीचं देऊळ. पाऊस आमच्या भागात बेताचाच, त्यामुळे आषाढ-श्रावणातसुद्धा दुपारचं ऊन मिळतं. या उन्हानं आम्हाला जे शिकवलं, ते लिहून ठेवावंसं वाटतं.

"दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते," हे मुलं घरूनच शिकून आलेली असतात. सगळेच तसं म्हणतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी एवढंच म्हटलं, "बघूया का खरंच?"

वर्गातल्या एकीचे वडील गवंडी. रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू-सिमेंट ओतून त्यांनी मीटरभर सळई उभी करून दिली. लेक घरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, घेऊन आली आणि तो कसा लावायचा हे तिनंच सगळ्यांना दाखवलं. एका बाजूनं सळई सरळ दिसली म्हणून भागत नाही, दुसऱ्या बाजूनं ती कललेली असू शकते. म्हणून दोन्हीकडून ओळंबा धरायचा. एरवी वर्गात खाली मान घालून बसणारी ही पोरगी त्या दिवशी सगळ्या वर्गाला शिकवत होती.

मग सळईभोवती सुतळी आणि खडूनं वर्तुळ काढलं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे टेकलं तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा टेकलं तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळते. ही रीत फार जुनी आहे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदीच्या मोजमापाच्या प्राचीन ग्रंथात, शंकू म्हणजे उभी खुंटी रोवून दिशा काढायची हीच कृती आहे. होकायंत्राशिवाय दिशा सापडली याचं मुलांना केवढं अप्रूप! देऊळ बरोबर दक्षिणेला नाही, थोडं सरकलेलं आहे, हेही त्यांनीच शोधलं.

पुढचे दोन धक्के मोठे होते. पहिला म्हणजे सगळ्यांत आखूड सावली बाराला पडलीच नाही, साडेबारा होऊन गेल्यावर पडली. दुसरा म्हणजे ती पायाखाली नव्हती. चांगली दहा सेंटीमीटर होती, आणि तीही देवळाकडे! सावली दुपारी उत्तरेला पडते असं मोठ्या मुलांनी सांगितलेलं. इथे ती दक्षिणेला.

बाराचं कोडं मी नकाशावर सोडवलं. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि सांगोला आहे 75.2 अंशांच्या आसपास. सूर्याला एक अंश पुढे सरकायला चार मिनिटं लागतात, म्हणजे त्याला आपल्याकडे पोचायला 29 मिनिटं उशीर होतो. वर दोन-चार मिनिटं उरतात. ती पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे आणि लंबवर्तुळाकार कक्षेमुळे कमीजास्त होतात. ती मी चौथीतल्या मुलांना समजावत बसले नाही. "उरलेली मोठं झाल्यावर शोधायची," असं सांगितलं. त्यांना ते चाललं.

देवळाकडच्या सावलीचा उलगडा मात्र धनगरवाड्यावरून येणाऱ्या एका पोरानं केला. तो म्हणाला, "मॅडम, आमचं दार उत्तरेला हाय. उंबऱ्यावर ऊन आकाडातच येतंय, थंडीत कधीच न्हाई." म्हणजे आषाढात सूर्य आपल्या उत्तरेला असतो! त्याच्या आजीनं त्या उंबऱ्यावर वर्षानुवर्षं धान्य निवडलं असेल, तिला हे केव्हाचं ठाऊक असणार. वर्गात कुणी विचारलं नाही तर असं ज्ञान घरीच राहतं, याची मला फार हळहळ वाटते.

आता सगळ्यांचा एकच प्रश्न होता: सावली टाकीकडे कधी जाणार? दर सोमवारी आम्ही सावलीएवढी कागदाची पट्टी कापून भिंतीवर चिकटवू लागलो. आलेख हा शब्द मी उच्चारला नाही, पण भिंतीवर तोच उभा राहत होता. पट्ट्या आधी हळूहळू आणि जुलैच्या मध्यापासून भराभर लहान होत गेल्या. पट्ट्यांवर पट्टी धरून एकानं सांगून टाकलं, "ऑगस्टच्या पयल्या आठवड्यात संपतीया." मी पंचांगाचे आकडे पाहून ठेवले होते. आमच्या अक्षांशावर सूर्य दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मे महिन्याच्या 9-10 तारखेला आणि 3 ऑगस्टच्या सुमारास. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, म्हणून आमच्या वाट्याला ऑगस्टच. पण मी गप्प राहिले. पोरानं कागदाच्या पट्ट्यांवरून काढलेलं उत्तर बरोबर होतं, त्यावर माझी मोहोर कशाला हवी?

3 तारखेला आभाळ गच्च. मुलं हिरमुसली. पण सूर्य रोज साधारण पाव अंश सरकतो आणि त्याचं बिंबच अर्धा अंश रुंद दिसतं. मीटरभर सळईला एका दिवसाचा फरक अर्ध्या सेंटीमीटरच्याही आत. तेव्हा उद्याही चालेल, असं सांगून मी त्यांना घरी पाठवलं.

4 तारखेला ऊन पडलं. 12 वाजून 35 मिनिटांना सळईची सावली डब्याबाहेर कुठेच दिसेना. पालथे घातलेले स्टीलचे पेले, पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांच्या सावल्या त्यांच्याच बुडाखाली गेल्या. एक जण ओरडला, "आमच्या हिरीत आज तळापर्यंत ऊन जाईल!" दुसऱ्यानं लगेच अडवलं, "तुमची हीर केवढी रुंद! तिच्यात रोजच जातंय." मग कुणीतरी नळाच्या पाइपचा तुकडा आणला. तो ओळंब्यानं उभा धरला आणि खाली जमिनीवर उजेडाचा गोल टिकला पडला. पाइप जरा कलला की टिकला गायब. पाइपमधून वर सूर्याकडे बघायचं नाही, ही अट मी आधीच घातली होती. अरुंद भोक रुंद विहिरीपेक्षा नेमकं सांगतं, हे त्या दोघांच्या भांडणातून निघालं. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक विद्वानानं अशाच एका विहिरीतल्या उन्हावरून पृथ्वीचा घेर काढला होता. ती गोष्ट मी तिथेच उभ्या उभ्या सांगितली.

आमच्या पट्ट्यातली पुष्कळ कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात आहेत आणि देशभर पांगलेली आहेत. एका मुलाचे काका दिल्लीला असतात. त्यानं आदल्या रात्रीच काकांना फोन करून कामाला लावलं होतं: मीटरभर गज, ओळंबा लावून, दुकानाच्या गच्चीवर, साडेबाराच्या जरा आधी. खिचडीच्या पंगतीत माझ्या फोनवर काकांचा फोटो आला. सावली वीस सेंटीमीटर, आणि उत्तरेला!

पोरं ताटं घेऊनच गोळा झाली. एक म्हणाला, काकांचा गज वाकडा असणार. दुसरा म्हणाला, दिल्लीचा सूर्य येगळा असंल. गवंड्याची लेक बराच वेळ फोटोकडे बघत होती. मग म्हणाली, "सूर्य तर योकच हाय. वळंबा आपुनबी लावला, त्येंनीबी लावला. मंग जमीनच वाकडी हाय."

पृथ्वी गोल आहे हे तिनं पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्या क्षणी ते तिचं स्वतःचं झालं. मला काही बोलता येईना. मी तिला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी पृथ्वीगोल उन्हात काढला. उदबत्तीच्या काड्यांचे बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे कणकेनं त्यावर उभे केले. आपलं गाव सगळ्यांत वर येईल आणि उत्तर ध्रुव टाकीकडे राहील असा गोल धरला. गावाच्या काडीला सावली नाही, दिल्लीच्या काडीला छोटीशी, टाकीच्या बाजूला, काकांच्या फोटोतल्यासारखीच. कन्याकुमारीची देवळाच्या बाजूला. "म्हंजी तिथली अजून आकाडात हाय," उत्तरेच्या दाराचा पोरगा म्हणाला. मग कणीक संपेपर्यंत काड्या लावणं चाललं. वर रशियाला लांबलचक सावली निघाली. एकीनं गोलाखाली हात घालून अमेरिकेत काडी खोचली आणि खाली वाकून पाहिलं. "मॅडम, हिला सावलीबी न्हाई आन् ऊनबी न्हाई." चौघं-पाचजण तिच्याशेजारी मातीत पालथे पडून तिकडे बघू लागले आणि आता तिथे घड्याळात किती वाजले असतील यावर त्यांची जुंपली. चार मिनिटांचा हिशोब त्यांना येत होताच. पाटीवर गुणाकार सुरू झाला.