घोणस चावल्यावर अंबाजोगाईला: ‘स्वाराती’ रुग्णालयातील अनुभव आणि मागून जाणाऱ्यांसाठी माहिती

सोयाबीनची काढणी सुरू झाली की केज-धारूरच्या पट्ट्यात सर्पदंशाच्या बातम्या कानावर येऊ लागतात. यंदा ती वेळ आमच्या घरावर आली. कापून टाकलेले सोयाबीन गोळा करताना धाकट्या काकूंच्या पायाला घोणस चावली आणि त्या रात्रीपासून आमचा मुक्काम अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पडला. आमच्याकडे सगळे त्याला ‘स्वाराती’ म्हणतात. ज्यांच्यावर अशीच वेळ येईल त्यांची धावपळ थोडी कमी व्हावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गावाकडची पहिली घटका सर्वांत मोलाची असते आणि नेमकी तीच वाया जाते. साप चावलेल्या माणसाला मारुतीच्या पारावर नेऊन बसवायचे, लिंबाचा पाला चावायला देऊन तो कडू लागतो का ते पाहायचे, ही रीत अजून अनेक गावांत आहे. काकूंच्या बाबतीतही दोघातिघांनी तोच आग्रह धरला. चुलतभावाने मात्र कोणाचे न ऐकता १०८ ला फोन लावला, काकूंना चालू न देता बाजेवर निजवले, पायातली जोडवी काढली आणि दंशाची वेळ कागदावर लिहून ठेवली. पाय दोरीने करकचून आवळू नये, जखमेवर चिरा देऊ नये आणि साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये, असे डॉक्टरांनी नंतर आम्हाला बजावून सांगितले. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते, त्यामुळे लस देण्यासाठी साप ओळखता यावाच लागतो असे नाही.

दुसरी गोष्ट अशी की, थेट मोठ्या रुग्णालयाकडे धाव घेण्यापूर्वी वाटेतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थांबावे. तेथे लसीचा पहिला डोस सुरू होऊ शकतो. आमच्याकडे तो सुरू झाला आणि किती कुप्या, किती वाजता दिल्या हे रेफर चिठ्ठीवर लिहिलेले होते. अंबाजोगाईला पोहोचताच डॉक्टरांनी सर्वांत आधी मागितली ती हीच चिठ्ठी. ती रुग्णाबरोबर असणाऱ्या माणसाच्याच खिशात असावी, मागून मोटारसायकलवर येणाऱ्याकडे देऊ नये.

मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला निघाले आणि ‘घाटी’ या नावाने घराघरांत पोहोचले. त्यानंतरचे महाविद्यालय १९७४ साली अंबाजोगाईला, एका तालुक्याच्या गावी उभे राहिले. नांदेडचे १९८८ चे आणि लातूरचे २००२ चे. धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोली यांची महाविद्यालये तर अगदी अलीकडची. ज्या स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले आणि त्याआधी याच गावच्या योगेश्वरी शाळेत शिक्षक म्हणून काम केले, त्यांचे नाव या संस्थेला आहे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील ऊसतोड मजूर, कोरडवाहू शेतकरी, रेणापूर-कळंब-गंगाखेडकडचे रुग्ण यांच्यासाठी विशेषज्ञ डॉक्टर एसटीच्या एका टप्प्यावर आले, ही या निर्णयाची खरी किंमत आहे, आणि ती मला अपघात विभागाच्या दारात उभे राहिल्यावर कळली.

तेथे निवासी डॉक्टरांनी काकूंच्या दंडातून थोडे रक्त काढून काचेच्या नव्या, कोरड्या नळीत घेतले आणि ती नळी टेबलावर उभी करून ठेवली. तिला कोणी हात लावू नये असे सर्वांना सांगितले. बरोबर २० मिनिटांनी त्यांनी नळी तिरपी केली, तेव्हा गोठून घट्ट व्हायला हवे होते ते रक्त पाण्यासारखे काठापर्यंत ओघळले. घोणसचे विष रक्त गोठण्याची क्रियाच मोडून टाकते आणि ते ओळखायला एवढी साधी चाचणी पुरते, हे एका शिकाऊ डॉक्टरने आम्हाला तेथेच समजावले. सलाईनमधून लसीचा पुढचा डोस सुरू झाला आणि सहा तासांनी पुन्हा तीच नळी, तीच २० मिनिटे. लसीची रिअॅक्शन येऊ शकते म्हणून सिस्टर उशाशी इंजेक्शन तयार ठेवून बसल्या होत्या. अंगावर पित्त उठले, खाज सुटली किंवा थंडी वाजली तर नातेवाइकांनी क्षणाचाही विलंब न करता सांगावे.

शिकवणारे रुग्णालय म्हणजे काय, हे वॉर्डात राहिल्याशिवाय समजत नाही. सकाळी विद्यार्थी येतात, तेच ते प्रश्न विचारतात, पुन्हा नाडी पाहतात आणि पुन्हा पापण्या उचलायला सांगतात. शेजारच्या खाटेवरचे आजोबा याला वैतागले होते आणि ‘आमच्यावर प्रयोग चालले आहेत’ असे म्हणत होते. माझे मत नेमके उलट झाले. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने काकूंना लघवी किती वेळा झाली असे विचारले, आणि सकाळपासून जवळजवळ झालीच नाही हे आम्हा सर्वांच्या तेव्हा कुठे लक्षात आले. तिने ते लगेच निवासी डॉक्टरांना सांगितले. रक्त तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे नीट काम करत नसली की रक्तात साठणारा घटक, वाढलेले निघाले, मोठ्या डॉक्टरांनी राउंडमध्ये खाटेशी उभे राहून घोणसच्या विषाने मूत्रपिंडे कशी निकामी होतात हे विद्यार्थ्यांना शिकवले आणि त्याच दिवशी डायलिसिसची तयारी झाली. काही वेळा डायलिसिस करावे लागले, नंतर लघवी सुटली आणि काकू बचावल्या. लहान दवाखान्यात लस मिळाली असती, पण डायलिसिस मिळाले नसते. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावली तर श्वासाचे स्नायू लुळे पडतात, तेव्हा व्हेंटिलेटर लागतो आणि तो चालवणारी माणसे रात्रंदिवस हजर असावी लागतात. म्हणून विद्यार्थ्यांना कंटाळून अर्धवट उत्तरे देऊ नयेत, त्यांना सगळे खरे सांगावे. दोरी बांधली होती, झाडपाला लावला होता, मांत्रिकाकडे नेले होते, हेही लपवू नये.

आता व्यवहाराचे. अंबाजोगाई शहरात रेल्वे नाही. परळी वैजनाथ किंवा घाटनांदूरला उतरून एसटी धरावी लागते. केज, लातूर आणि परळीकडून बस सहज मिळतात. महिलांना २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे रुग्णाजवळ राहणाऱ्या बायकांची पाळी बदलणे आम्हाला परवडले. रेशन कार्ड आणि आधार कार्ड मूळ प्रतीसह आणि झेरॉक्ससह पहिल्याच दिवशी मागवून घ्यावे व महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटून आपला उपचार योजनेत बसतो का ते विचारावे. डिस्चार्जच्या दिवशी ही धावपळ करू नये. सर्पदंशाची पोलिसांकडे नोंद होते. त्याला घाबरण्याचे कारण नाही, उलट पुढे शासकीय मदतीचा प्रश्न आला तर हीच कागदपत्रे लागतात. वहीत लघवीचे प्रमाण आणि वेळ लिहून ठेवावी, सिस्टरना त्याचा उपयोग होतो. पांघरूण, तांब्या, चार्जर आणि पुरेसे सुटे पैसे सोबत असावेत. रक्त लागले तर गावाकडचे दोन तरुण लगेच येतील अशी तजवीज करावी, कारण रक्तदानाला नातेवाईकच मागे सरतात आणि रक्तपेढीवरचा ताण वाढतो.

गर्दी फार असते, हे मान्यच करायला हवे. खाटा कमी पडतात, जमिनीवर गाद्या घालाव्या लागतात आणि नातेवाइकांना रात्री निजायला धड जागा मिळत नाही. निवासी डॉक्टरांच्या डोळ्यांत झोप दिसते. त्यांच्याशी अरेरावी करणारे नातेवाईकही पाहिले आणि वाईट वाटले. काही विचारायचे असल्यास सकाळचा राउंड संपल्यावर, घरातील एकाच माणसाने विचारावे. दहा जणांनी दहा वेळा तेच विचारले तर उत्तर कोणालाच नीट मिळत नाही.

डिस्चार्ज कार्डावर आपल्या युनिटचे नाव आणि ओपीडीचा वार लिहिलेला असतो. फेरतपासणीला त्याच वारी जावे, नाहीतर दुसऱ्या युनिटच्या डॉक्टरांपुढे सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. लस घेतल्यावर एक-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी किंवा अंगावर पुरळ आल्यास ओपीडीच्या वाराची वाट न पाहता यावे, असे आम्हाला सांगितले होते. काकूंची क्रिएटिनिनची तपासणी अजून चालू आहे. फेरतपासणीच्या दिवशी सकाळची पहिली एसटी धरावी, म्हणजे केसपेपरच्या रांगेत पुढचा नंबर लागतो आणि रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन दुपारी परतता येते.