मोजामोजीचा दिवस

परदेशातल्या शालेय सहलीच्या माहितीपत्रकात पहिला दिवस एका ओळीत उरकलेला असतो. आगमन, हॉटेलकडे प्रस्थान, विश्रांती. दुसऱ्या दिवसापासून मग राजवाडे, संग्रहालयं, मत्स्यालयं. प्रत्येकाला स्वतंत्र परिच्छेद आणि रंगीत फोटो. ती ओळ लिहिणाऱ्याने वर्गभर मुलं घेऊन विमानतळ कधी ओलांडलेला नसावा. माझ्या आठवणीत हिशेब नेमका उलटा आहे. संग्रहालयांतलं फारसं काही शिल्लक नाही, पण पहिला दिवस कोणी अर्ध्या रात्री उठवून विचारला तरी तासातासाने सांगेन. आणि त्यात परदेश अगदी थोडा आहे.

त्या दिवशी मुख्य काम असतं मोजण्याचं. बसमध्ये चढताना डोकी मोजायची, उतरताना मोजायची, सरकत्या जिन्याच्या खाली एकदा आणि वर एकदा. सर मोजतात, मग मॅडम मोजतात आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत, कारण मध्येच कोणीतरी बुटाची नाडी बांधायला वाकलेलं असतं. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. सगळ्यांना एकाच भडक रंगाच्या टोप्या वाटलेल्या असतात. ‘मी नाही हां ही घालणार’ असं निघताना ठणकावून सांगणारेच परक्या गर्दीत त्या रंगाकडे डोळे लावून चालतात. ज्या मुलाशी वर्गात वर्षभर अबोला, त्याची टोपी दिसली तरी हायसं वाटतं.

मोजणी फक्त डोक्यांची नाही. हातातल्या बॅगेतली प्रत्येक पातळ वस्तू शंभर मिलिलिटरच्या आत हवी. २००६ साली द्रवरूप स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट लंडनमध्ये उघडकीला आला, तेव्हापासून हा नियम जगभर पसरला. आता नवी यंत्रं आलेल्या काही विमानतळांवर तो सैल होतोय. मुलांना त्यातलं एवढंच कळतं, की टूथपेस्टही पातळ पदार्थांत मोडते आणि आईने प्रेमाने भरून दिलेली मोठी ट्यूब आता त्या निळ्या टोपलीत जाणार. तिथे उभ्या उभ्या चर्चा होते. एक जण सगळी पेस्ट आत्ताच दातांना लावून टाकायची तयारी दाखवतो. मॅडम फक्त बघतात. तेवढ्याने भागतं.

रांगेत मात्र खरी करमणूक असते पासपोर्टची. एरवी सरांच्या कमरेच्या पाऊचमध्ये बंद असलेला तो ऐवज खिडकीपुरता हातात पडतो आणि लगेच अदलाबदल सुरू होते. फोटोत हसायचं नाही, तोंड मिटलेलं हवं, नजर समोर, असा दंडक असल्यामुळे वर्गातले सगळे हसरे चेहरे एकजात संशयित दिसतात. फोटोखाली दोन ओळी यंत्रासाठी छापलेल्या असतात, प्रत्येक ओळीत बरोबर ४४ खुणा, कमी नाही जास्त नाही. नाव संपलं की उरलेली जागा बाणाच्या टोकासारख्या चिन्हांनी भरून काढतात. ‘ए, तुझे बाण किती?’ ‘एकवीस.’ ‘माझे चौदाच.’ आडनाव, स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव असा लांबलचक ऐवज असलेला बिचारा हरतो. १९२० साली पॅरिसला परिषद भरवून पासपोर्ट कसा असावा हे ठरवणाऱ्या मंडळींना यातून असा खेळ निघेल असं वाटलंही नसेल. अर्थात हे बाण यंत्रांबरोबर आले, पुष्कळ नंतर.

विमानात माणसं बदलतात. मला तर त्या दिवसाचा सगळा ऐवज इथेच सापडतो. वर्गात बाकावर उभा राहून भाषणं ठोकणारा, सहलीची सगळी माहिती आधीच असणारा, धावपट्टीवर वेग वाढताच एकदम गप्प होतो आणि शेजाऱ्याच्या बाहीला धरतो. शेजारीही बाही सोडवून घेत नाही, आणि नंतर त्याबद्दल कोणी बोलतही नाही. वर्षभरात चार वाक्यं बोललेली मुलगी हवाई सेविकेला थांबवून शांतपणे विचारते, कान का दडतात? केबिनमधला दाब जमिनीवर असतो तेवढा ठेवत नाहीत, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवतात. उतरताना तो पुन्हा वाढतो, म्हणून कान दडतात आणि वर असताना झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली खाली येईपर्यंत चेपून जाते. हे उत्तर तिला आधीच माहीत होतं, असा मला आजही संशय आहे. पण त्या बाटलीचा प्रयोग मग सगळ्या रांगेने केला आणि उतरेपर्यंत ती वर्गातली दुसरीच कोणी झाली होती.

परदेश असा फटीफटींतून आत येतो. भिंतीतल्या सॉकेटची भोकं वेगळी निघतात आणि एका अडॅप्टरभोवती अख्खी खोली गोळा होते. जगात पंधराएक तऱ्हांचे प्लग आहेत आणि कोणीही आपला सोडायला तयार नाही. रस्ता ओलांडताना मान सवयीने एका बाजूला वळते आणि गाडी दुसरीकडून येते. लंडनमध्ये पाहुण्यांची ही अडचण ओळखून पुष्कळ ठिकाणी रस्त्यावरच ‘उजवीकडे बघा’ असं रंगवून ठेवलं आहे. स्वीडनने तर १९६७ साली ३ सप्टेंबरच्या पहाटे पाच वाजता सगळ्या देशाची रहदारी डावीकडून उजवीकडे नेली. अख्ख्या देशाला एका पहाटे बाजू बदलता येते. आमच्या रांगेला एक फुटपाथ बदलायला सरांच्या तीन शिट्ट्या लागल्या.

सगळ्यांत मोठा घोळ वेळेचा. मॅगेलनच्या मोहिमेतले उरलेसुरले खलाशी १५२२ च्या जुलैत पृथ्वीला जवळजवळ वळसा घालून केप वर्दे बेटांवर पोचले, तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता आणि बेटावर गुरुवार. पिगाफेट्टा नावाचा इटालियन एक दिवस न चुकवता नोंदी करत होता, तरी एक दिवस गहाळ! सूर्याच्या मागे मागे पश्चिमेला जात राहिल्यामुळे तो वाटेत थोडा थोडा सांडला होता. त्यांना निदान तीन वर्षं लागली. मुलांचे पाच-सहा तास एका झोपेत इकडचे तिकडे होतात. मेंदूत डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर वीसेक हजार पेशींचं शरीराचं घड्याळ असतं. त्याला उजेडावरून कळतं आणि ते दिवसाला साधारण तासाभरानेच सरकतं. पूर्वेला गेलात तर त्याची कुरकुर जास्त, कारण मुळात त्याचा स्वतःचा दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा असतो. त्याला लांबवणं आवडतं, आखडणं नाही. शाळकरी मुलांसारखंच म्हणायचं.

म्हणून अनुभवी शिक्षक त्या ‘विश्रांती’वर काट मारतात आणि पोचल्यावर सगळ्यांना उन्हात हिंडवतात. झोपायचं ते इथली रात्र झाल्यावरच. मुलं पेंगत चालतात, एका बाकावर पाच जण एकमेकांवर रेलतात, कोणीतरी कबुतरांचे फोटो काढतं. समोर माहितीपत्रकातला राजवाडा असतो म्हणे. मग रात्र होते, खोल्यांचे दिवे घालवायचा हुकूम सुटतो आणि सगळ्यांची झोप एकदम उडते. कोणाच्या खोलीत कोण याचे अधिकृत तक्ते दारावर चिकटवलेले असतात. त्यांचा प्रत्यक्षाशी संबंध उरत नाही. सर शेवटची मोजणी करायला येतात तेव्हा एका खोलीत अकरा निघतात आणि शेजारची रिकामी.

‘उद्या सकाळी सातला सगळे खाली,’ सर दारातून सांगतात.

‘सर, इथल्या सातला की घरच्या?’

सर हसत मनगट वर करतात, घड्याळ बघतात आणि हसायचे थांबतात. काटे त्यांनीही अजून फिरवलेले नसतात.