मागीलदारचा साकव

एप्रिलच्या शेवटी नणंदेचा फोन आला, दोन्ही मुलांना महिनाभर तुमच्याकडे पाठवते म्हणून. मोठ्या दिरांची मुलगी डोंबिवलीहून येणारच होती. माझा मुलगा आणि गडग्यापलीकडचा त्याचा मित्र धरून पाच पोरं झाली. सगळ्यांत धाकटी पाच वर्षांची, मोठी बारा. गेल्या मे महिन्यात यांतली चौघं दुपारभर ओटीवर एका मोबाईलभोवती डोकी टेकवून बसायची, आणि ते बघून मला मनापासून वाईट वाटलं होतं. देवरुखजवळ आमचं गाव, घराला एवढं मोठं मागीलदार, त्यात फणस आहे, माड आहेत, पोफळी आहेत, आणि मुलं बसलीत ओटीवर! यंदा मागीलदारी अडथळ्यांची वाट बांधायचीच, असं मी ठरवलं. चढायचं, उतरायचं, तोल सांभाळायचा, सरपटायचं, उड्या मारायच्या, आणि वाट जिथून सुरू झाली तिथेच परत यायचं.

वहीच्या पानावर नकाशा काढला. दोन माडांच्या मध्ये दोर, मग फळी, मग टायर, मग बोगदा. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “अगो, चढायचं कुठे ते सगळं काढलंयस. पोर पडेल कुठे, ते दाखव.” मग काठी वर करून माडाकडे दाखवलं. नारळ उतरवायला आले होते आणि एक वाळकी झावळ जेमतेम लटकत होती.

तो नकाशा तिथेच बाद झाला. दुसरा काढताना मी आधी पडायच्या जागा आखल्या आणि चढायच्या जागा त्यांवर बसवल्या. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, सगळ्या कामात खरं महत्त्वाचं एवढंच होतं, बाकी सगळी दोरी-बांबूची मेहनत.

आमची जमीन जांभ्याची. वर वीतभर माती, खाली पहार ठणठण वाजते. अशा जमिनीवर चार फुटांवरून मूल पाठीवर पडलं तर काय होईल, याचा विचार करून मला दोन रात्री झोप लागली नाही. आधी वाटलं, भाताचा पेंढा पसरू. पण पेंढा पायाखाली घसरतो, दाबला की चपटा होतो, आणि त्यात काय काय शिरून बसतं ते गावातल्या माणसाला सांगायला नको. मग वाचायला सुरुवात केली. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची खेळाच्या मैदानांसाठी एक पुस्तिका आहे, तिचा मला फार उपयोग झाला. त्यात वाळूचा हिशेब दिला आहे. दबून बसल्यावर ९ इंच जाडीचा थर राहिला, तर तो साधारण ४ फुटांपर्यंतच्या पडण्याला पुरतो. वाळू कालांतराने दबते, म्हणून सुरुवातीलाच १२ इंच टाकायची. आणि जिथून मूल पडू शकतं, तिथून सगळ्या बाजूंना ६ फूट मऊ जागा हवी.

म्हणजे एका दोराखाली १२ फूट बाय १२ फूट आणि १ फूट जाड. १४४ घनफूट, म्हणजे शंभर घनफुटांचा एक ब्रास धरला तर जवळजवळ दीड ब्रास! वाळूचे भाव ज्याला माहीत आहेत त्याला माझं तोंड कसं झालं असेल ते कळेल. शेजारी घराचं काम नुकतंच संपलं होतं, त्यांची उरलेली वाळू निम्म्या भावात मिळाली म्हणून निभावलं. दोन गड्यांनी दीड दिवस खणून अर्धा फूट खड्डा केला, त्यावरचा अर्धा फूट ढीग करून कडा उतरत्या ठेवल्या. वाळू मी स्वतः चाळली. खिळे निघाले, काचेचा तुकडा निघाला, बाटल्यांची बुचं निघाली. मग नकाशात आणखी काटछाट केली. वाळू एकाच ठिकाणी, म्हणून उंचीही एकाच ठिकाणी. बाकी सगळं गुडघ्याच्या आसपास, आणि तिथे माती कुदळीने भुसभुशीत करून वर पाचोळा.

दोर फणसाला बांधला. शेवग्याला किंवा जांभळाला नाही, या फांद्या दगा देतात. आमच्या फणसाची ११ फुटांवरची फांदी माणसाच्या मांडीएवढी आहे. मात्र मे महिन्यातला फणस म्हणजे डोक्यावर टांगलेली धोंड, म्हणून त्या बाजूचे सगळे फणस आधी उतरवले आणि आठवडाभर घरात भाजी, साटं, सांदणं असा धडाका चालला. दोर कुठला घ्यायचा यावर मात्र मला विचार करावा लागला नाही. शाळेत मी चार वर्षं दोराचा मल्लखांब केला आहे. मल्लखांबाला नवं जीवन दिलं ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. पुढे वेताचा मल्लखांब आला आणि वेताच्या जागी सुती दोर. नायलॉन हाताला कापतो, काथ्या सोलतो, सुती दोर मात्र धरवतो. दीड इंच जाडीचा आणला. फांदीवर जिथे वेढे येतात तिथे गोणपाटाची घडी घातली, म्हणजे सालही सोलणार नाही आणि दोरही झिजणार नाही. नवरा आणि एक गडी, दोघं मिळून त्याला लोंबकळले, तेव्हा कुठे मी मुलांना हात लावू दिला.

दोराचं खालचं टोक मोकळं सोडलं नाही. मोकळा दोर गळ्याभोवती फास होऊ शकतो. वाळूखाली पुरलेल्या ओंडक्याला ते बांधून टाकलं. जमिनीपासून ४ फुटांवर लाल चिंधी बांधली आणि नियम एकच सांगितला, पाय चिंधीच्या वर जायचे नाहीत. ओढण्या, गळ्यातले दोरे, लटकणारे गोफ ओटीवर काढून ठेवल्याशिवाय कुणी वाटेवर यायचं नाही, हेही ठरवून टाकलं. शिडीच्या आडव्या काठ्यांमध्येही तसाच हिशेब करावा लागतो. साडेतीन ते नऊ इंचांच्या फटीत मुलाचं धड आरपार जातं आणि डोकं अडकतं. म्हणून माणग्याच्या काठ्या फूट-फूट अंतरावर बांधल्या. माणगा जवळजवळ भरीव असतो, त्याला काटेही नसतात, मुलांच्या हातापायांसाठी त्याच्यासारखा बांबू नाही.

टायरसाठी गॅरेजवाल्याकडून रिक्षाचे सात जुने टायर आणले. निवडताना आतून हात फिरवून बघायचे, झिजलेल्या टायरमधून तारा बाहेर येतात. प्रत्येकाला खालून तीन भोकं पाडली, कारण टायरमध्ये साठलेलं पाणी म्हणजे डेंगीच्या डासांना आमंत्रण. आणि दुसरी भीती विंचवाची. टायर, नारळाच्या सोडणांचा ढीग, चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्याच्या तासलेल्या दगडांच्या, फटी, या त्याच्या आवडत्या जागा. आमचा लाल विंचू काय चीज आहे हे कोकणात लहान मुलालाही माहीत असतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून कितीतरी जीव वाचले, पण तो उपचार वेळेत मिळाला तरच ना! म्हणून रोज सकाळी मुलं उठायच्या आधी मी काठी घेऊन निघायची. टायर उलटे करून आपटायचे, बोगद्यातलं गोणपाट झटकायचं, वाळूवरची ताडपत्री काठीने उचलायची. (ताडपत्री मांजरांसाठी. नाहीतर वाळू त्यांचीच.) महिन्याभरात दोन विंचू सापडले. दोन्ही टायरखाली.

एवढं करून चूक झाली ती अगदी साध्या ठिकाणी. वाटेच्या शेवटी मी स्कूटरचा एक टायर झोका म्हणून टांगला होता. दुसऱ्याच दिवशी भाचा धावत आला, त्याच वेळी शेजारचा मुलगा झोक्यावर होता, आणि टायर थेट तोंडावर. ओठ आतून फाटला, शर्ट रक्ताने भरला. टाका लागला नाही, पण त्या रात्री नणंदेला फोन करताना माझा आवाज थरथरत होता. हलणारी वस्तू धावायच्या रेषेत ठेवायची नसते, हे मला आधी सुचायला हवं होतं. सकाळी झोका तिथून काढला आणि वाटेपासून लांब, चिंचेच्या फांदीला नेऊन बांधला.

आता साकवाचं सांगते.

आमच्याकडे पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, पलीकडे जायला पोफळीची खोडं बांधून जो पूल करतात, तो साकव. तोल सांभाळायच्या अडथळ्यासाठी मी वादळात पडलेल्या पोफळीचं १४ फुटी खोड घेतलं, कोयतीने तासलं आणि पॉलिश पेपरने तीनदा घासलं. पोफळीची कुसं पायात गेली तर आठवडाभर छळतात. टोकांना आधार चिऱ्यांचा. आमच्याकडचा चिरा साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद, ७ इंच जाड, त्यामुळे उंची मोजायचं मापही तेच. एक चिरा, दोन चिरे, तीन चिरे. चिऱ्यांच्या टोकदार कोपऱ्यांवर सोडणं भरलेली पोती बांधली.

बाकीची मुलं पहिल्याच दिवशी एका चिऱ्यावरून पलीकडे गेली. पुतणी गेली नाही. बारा वर्षांची, अभ्यासात हुशार, बोलायला चुरचुरीत, पण खोडावर दोन पाय ठेवले आणि ती तिथेच थांबली. गुडघे कापत होते. खाली जमीन हातभरसुद्धा दूर नव्हती. मी पुढे होऊन हात देणार, तेवढ्यात मागून आबा म्हणाले, “हात देऊ नको. हात धरलास की तिचा तोल तुझ्याकडे जाईल.”

मी हात मागे घेतला. फार जड गेलं. ती खाली उतरली आणि कुणाशी न बोलता घरात गेली. धाकट्यांपैकी कुणी हसलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी झोपलेली असताना मी मागच्या दारात भांडी पालथी घालायला आले, तर ती एकटीच साकवाजवळ. तिने चिरे सरकवून खोड जमिनीवर घेतलं होतं. एवढं जड खोड एकटीने कसं काढलं कोण जाणे! जमिनीवर ठेवलेल्या खोडावरून ती चालत होती. जायची, यायची, परत जायची. मी दाराआड उभी राहिले. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या मुलाला हाक मारली आणि दोघांनी मिळून खोड एका चिऱ्यावर चढवलं. त्या दिवशी ती घोड्यासारखी बसून सरकत सरकत पलीकडे गेली. चौथ्या दिवशी उभी राहून. अर्ध्यावर थांबली, हात पसरले, डोळे समोरच्या फणसाच्या बुंध्यावर लावले आणि निघाली. पलीकडे उतरल्यावर मागे वळून बघितलं ते माझ्याकडे नाही, साकवाकडे.

त्यानंतर एक गोष्ट मी बदलली. उंची मी ठरवायची नाही. चिरे बाजूला रचून ठेवले आणि सांगितलं, तीनच्या वर नाही, बाकी तुमचं तुम्ही बघा. मग रोज सकाळी त्यांची बैठक भरू लागली. पाच वर्षांचीला शून्य चिरे, शेजारच्याला तीन. माझ्या आखणीत नव्हत्या अशा गोष्टी त्यांनी वाटेत घातल्या. बोगद्यातून उलटं जायचं. टायरमधून लंगडी. दोरावर हातांनी ओढत बसण्यापेक्षा पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर कसा धरायचा, हे मी दाखवलं, आणि भाच्याने ते एका संध्याकाळीत उचललं. पंचवीस वर्षांनी माझ्या पायाच्या बोटांनी दोर धरला, तेव्हा ती बोटं काही विसरली नव्हती.

घड्याळ लावून शर्यती मी दोन दिवसांत बंद केल्या. रोज शेजारचाच पहिला आणि रोज धाकटीच रडायची. त्यावर उपाय मुलांनीच काढला. तांब्या भरून घ्यायचा, सगळी वाट पार करायची आणि शेवटी घमेल्यात ओतायचा. दोराच्या ठिकाणी तांब्या वाळूत ठेवून चढून यायचं. ज्याचं पाणी जास्त उरेल तो जिंकला. धावणारे सगळे हरले! धाकटी ओठ मुडपून, एकेक पाऊल मोजत, अर्धा तांब्या पाणी घेऊन आली आणि आबांनी तिला कडेवर घेऊन खळ्याभोवती फिरवलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला. पहिल्या सरीनंतर खोडावर हात फिरवला तर ते साबणासारखं गुळगुळीत लागलं, तेव्हा वाट त्याच दिवशी मोडली. दोर सोडून दोन दिवस ओटीवर वाळवला आणि मांगरात आढ्याला टांगला. टायर आत गेले. वाळू खड्ड्यातच ताडपत्रीखाली आहे. मुलं आपापल्या घरी गेली होती.

गेल्या रविवारी डोंबिवलीहून फोन आला. पुतणीने आधी आबांची चौकशी केली, मग फणसाची, मग जरा थांबून म्हणाली, “काकू, दिवाळीत चार चिरे चालतील का गं?”

चार चिरे म्हणजे २८ इंच. वर खोडाची जाडी. मी टेप घेऊन मागीलदारी गेले आणि साकवाच्या जागेपासून दोन्ही बाजूंना ६-६ फूट मोजलं. तिकडे वाळू नाही. अजून निदान तीन ब्रास लागेल. शेजाऱ्यांना विचारलंय, त्यांच्या भावाचं बांधकाम ऑक्टोबरात संपतंय.