तुम्ही विचारलंत म्हणून: शकुंतलेसाठी एवढा जीव का टाकते

शकुंतला म्हणजे आमच्या वऱ्हाडातली, आता बंद पडलेली नॅरोगेज रेल्वेगाडी. "सायकलवाला पुढे निघून जायचा अशी गाडी, तिच्यासाठी एवढा जीव का टाकता तुम्ही वऱ्हाडातले लोक?" हे मला पुण्यात ऑफिसात विचारतात, लग्नात भेटलेली माणसं विचारतात, आणि आता माझ्या सख्ख्या भाच्यानेही विचारलं. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

ही लाइन चालवणारी इंग्रजांच्या काळातली किलिक निक्सन कंपनी, गाडीतून जाणारा कापूस, कंपनीची रॉयल्टी, 1994 पर्यंत चाललेलं वाफेचं इंजिन, हे सगळं तुम्ही शकुंतलेवरच्या व्हिडिओत पाहिलेलं असतं, ते पुन्हा सांगत नाही. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, 113 किलोमीटर, आणि दुसरा दर्यापूर-अंजनगावावरून अचलपूरला, 76 किलोमीटर. आमचा हा दुसरा. 2020 यायच्या आधीच दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या.

आता व्हिडिओत जे नसतं ते. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, जमीन काळी, पूर्णेच्या खोऱ्यातली. पावसाळ्यात या मातीत पाय घातला की चप्पल आतच राहते, बैलगाडी रुतते, आणि आडबाजूच्या गावाचा रस्ता कागदावर असला तरी आषाढ-श्रावणात तो नसतोच. रुळाचा भराव तेवढा उंच आणि कोरडा. लोक गाडी नसतानाही त्या भरावावरूनच चालत जायचे. बऱ्याच स्टेशनांवर माणूसच नव्हता, गार्डच तिकीट द्यायचा, फाटक आलं की गाडीतलाच माणूस उतरून ते लावायचा. तुम्हाला याची गंमत वाटते. पण माणूस नसलेल्या स्टेशनावर गाडी येणार नाही हे सांगायलाही कोणी नसतं, आणि मला जे सांगायचंय ते इथूनच सुरू होतं.

माझी आत्या दर्यापूर आणि मूर्तिजापूरच्या मधल्या एका गावात राहते, नाव लिहीत नाही. तिला बस लागते, अगदी पहिल्या वळणाला उलटी होते, त्यामुळे माहेरी यायचं ते गाडीनेच, आणि गाडीचं तिकीटही तिला परवडायचं. आजोबा गेल्यावर तिने बाबांना हक्कसोड लिहून दिली, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडला. कोणी जबरदस्ती केली नाही असं बाबा म्हणायचे, आणि आत्या त्यावर काहीच म्हणायची नाही. त्यानंतर राखीला तिचं येणं म्हणजे दोघांमधलं सगळं ठीक आहे याचा एकच पुरावा उरला होता, हे घरात आम्हा सगळ्यांना कळत होतं.

त्या वर्षी राखीच्या आधी पाऊस झाला, भराव खचला आणि गाडी रद्द झाली. तिच्या गावात कोणाला पत्ता नाही. सकाळी नवी साडी, पिशवीत अनारसे, ती जाऊन स्टेशनावर बसली. गाडीला उशीर व्हायची सवयच होती, त्यामुळे अकरा वाजले तरी तिला काही वाटलं नाही, एक वाजला तरी बसलीच, आणि इकडे बाबा आंघोळ करून पाटाशेजारी न जेवता बसलेले. फोन का नाही केला विचाराल तर फोन तिच्या नातवाकडे आणि नातू शेतात. बाबांनी केला तो कोणी उचलला नाही. दुपारनंतर बाबा उठले आणि आईला म्हणाले, "तिच्या मनातून ते गेलं नाई." हक्कसोडीचं. बस्स, एवढंच, आणि जेवायला बसले.

तिकडे आत्या संध्याकाळी चिखल तुडवत घरी गेली आणि तिच्या मनात हे की भावाला जीप करून न्यायला येता आलं नसतं का. दोघांनी दोन वर्षं एकमेकांना फोन केला नाही. मी मध्ये पडले तेव्हा आत्या म्हणाली, "मले कोन सांगनार होतं वं? ठेसनावर मानूस तं पायजे सांगाले." पुढे बोलणं सुरू झालं. राखी मात्र पाकिटातून यायला लागली, आणि बाबा असेपर्यंत पाकिटातूनच येत राहिली.

आता तुम्ही म्हणाल दोष गाडीचा की तुमच्या घरातल्या जमिनीचा. बरोबर आहे, जमिनीचाही आहे. पण जमिनीचं भांडण ज्या एका गाडीच्या येण्यावर दाबून धरलं होतं ती हीच गाडी होती, एवढं तरी ऐका. शिवाय "तोट्यात होती" हे मला कोणी सांगू नका. रुळांची डागडुजी वर्षानुवर्षं रखडली की वेग कमी करावा लागतो, वेग कमी झाला की नोकरीवाले आणि पोरं बसकडे वळतात, मग उरतात माझ्या आत्यासारख्या, आणि त्यांच्या तिकिटातून कुठली गाडी फायद्यात येणार?

एसटीत आता बायकांना अर्धं तिकीट आहे, 2023 पासून, आणि पंचाहत्तरच्या पुढे फुकट. चांगलंच आहे, आईला खूप उपयोग होतो. पण बस फाट्यावर थांबते आणि फाटा आत्याच्या घरापासून लांब आहे, आणि मधला रस्ता पावसाळ्यात कसा असतो ते वर लिहिलंय.

कॉलेजात असताना मीच भांडायचे, काढा हे नॅरोगेज, ब्रॉडगेज टाका, किती दिवस अडीच फुटांच्या रुळावर बसवून ठेवणार आम्हाला. त्या मुलीला मी आजही खोटं ठरवू शकत नाही. अंजनगावची विड्याची पानं, पानपिंपरी हे औषधी पीक, दर्यापूरचा कापूस आणि अमरावती-अकोल्याला शिकायला जाणारी पोरं, यांना ब्रॉडगेज पाहिजेच. भाच्यालाही मी हेच म्हटलं. मग विचारलं, ती नवी गाडी आत्याच्या गावाला थांबेल का रे? तो म्हणाला, एवढ्याशा गावाला थांबवून कसं चालेल मावशी.

यावर माझ्याकडे उत्तर नाही. ब्रॉडगेजच्या निवेदनावर मी सही केली आहे आणि पुन्हा आणलं तर पुन्हा करीन.