ल्युपस असताना बाळाची तयारी: माझा अनुभव

मूल हवं असं ठरलं की ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते असा आजार) पहिली भेट ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची (सांध्यांच्या आणि अशा आजारांच्या तज्ज्ञांची), स्त्रीरोगतज्ज्ञांची त्यानंतर. कारण दिवस राहण्याआधी आजार निदान ६ महिने शांत असावा लागतो, आणि सांधे दुखत नाहीत म्हणजे आजार शांत झाला असं नाही. माझे सांधे ठीकच होते. डॉक्टरांनी पाहिलं ते लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), बीपी, सी३, सी४ (आजार उसळला की रक्तात घटणारी प्रथिनं) आणि अँटी-डीएसडीएनए (ल्युपसमधली एक अँटीबॉडी).

ल्युपसपासून किडनी वाचवण्यासाठी मी मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेत होते. त्याने गर्भपात होऊ शकतो, बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणून ते गर्भधारणेच्या किमान ६ आठवडे आधी थांबवतात. माझं बरंच आधी बदलून अ‍ॅझाथायोप्रिन (गरोदरपणात चालणारं औषध) दिलं, कारण नव्या गोळीवरही किडनी स्थिर राहते का हे बघायचं होतं. तोवर कॉपर-टी. बीपीची रॅमिप्रिलही बदलली, कारण ती गरोदरपणात चालत नाही.

घरचे प्रेमापोटी म्हणतात, ‘आता सगळ्या गोळ्या बंद कर.’ हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (ल्युपसची रोजची मूळ गोळी) मात्र अजिबात सोडू नका. ती गरोदरपणात चालते, आणि ती थांबवली तर आजार उसळण्याची शक्यता वाढते. डोस किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत. माझं वजन ६० किलो, म्हणून ३००. ही गोळी डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम करू शकते, म्हणून डोळ्यांची तपासणी ठरल्याप्रमाणे.

अँटीफॉस्फोलिपिडच्या (रक्ताच्या गुठळ्यांचा आणि गर्भपाताचा धोका वाढवणाऱ्या अँटीबॉडींच्या) तिन्ही तपासण्या आधीच करून घ्या. एखादी पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी पुन्हा करतात. तीही तशीच आली तर एस्पिरिनच्या जोडीला हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारी) इंजेक्शनं लागू शकतात. माझ्या निगेटिव्ह होत्या, त्यामुळे १२व्या आठवड्यापासून रात्रीची एस्पिरिन पुरली. अँटी-रो ही दुसरी अँटीबॉडी मात्र पॉझिटिव्ह होती. ही अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंत पोचते आणि शंभरात साधारण दोघांच्या हृदयात ब्लॉक करते, म्हणजे ठोक्यांचे विद्युत संकेत अडवते. म्हणून १६-१८व्या आठवड्यापासून २६व्यापर्यंत फीटल इको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी).

खरी गुंतागुंत २० आठवड्यांनंतर. बीपी वाढलं, लघवीत प्रोटीन आलं, तर ते प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणामुळेच बीपी वाढण्याचा गंभीर आजार) की ल्युपसने किडनीवर केलेला हल्ला? उपचार अगदी वेगळे: पहिल्यात प्रसूती, दुसऱ्यात स्टेरॉइड वाढवणं. लघवीत रक्तपेशी, चढतं अँटी-डीएसडीएनए, घसरतं सी३-सी४ असेल तर संशय ल्युपसवर जातो. पण गरोदरपणात सी३-सी४ एरवी वाढतात. म्हणून ‘नॉर्मल’ छापलेला आकडाही आधीपेक्षा उतरलेला असू शकतो. त्यासाठी गर्भधारणेपूर्वीचे आकडे हाताशी हवेत. माझ्या फाइलच्या पहिल्याच पानावर ते तारखेसह लिहिलेले असत. ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) गरोदरपणात तसाही वाढतो, त्यावरून काही ठरवू नये.

प्रसूतीनंतरच्या महिन्यांत आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, त्यामुळे लघवीची तपासणी चालूच ठेवायची. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, अ‍ॅझाथायोप्रिन आणि कमी डोसचं प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) घेत असताना बाळाला अंगावर पाजता येतं. मायकोफेनोलेट पुन्हा लागलं तर पाजण्याचा विषय डॉक्टरांशी आधी बोलून घ्यायचा.