आरती शेवटच्या रांगेतून वाचता यावी म्हणून

दांडिया बाजारातल्या आमच्या गणपतीत एलईडी पडद्यावर आरतीचे शब्द मीच लावते. अक्षराची उंची शेवटच्या रांगेवरून ठरवायची: दर 10 फुटांना निदान 1 इंच. मंडप 60 फूट खोल, म्हणजे 6 इंच. आमच्या पडद्याच्या दोन ठिपक्यांत 4 मिलिमीटर अंतर आहे, त्यामुळे 6 इंचांत जेमतेम 38 ठिपके बसतात. तेवढ्यात ‘ष्ट’, ‘द्ध’ मोकळे दिसायला हवेत! जाड ठशात त्यांची पोटं बुजतात, बारीक ठशात शिरोरेषाच विरते; मध्यम ठसा उत्तम. रफार-उकारांसाठी ओळींमध्ये ऐसपैस जागा, एका वेळी चारच ओळी. शब्दांमागे बाप्पाचा फोटो मी ठेवू देत नाही, मूर्ती समोर आहेच. गडद पार्श्वभूमी, पिवळसर पांढरी अक्षरं. अंधार पडला की ब्राइटनेस उतरवते, नाहीतर अक्षरांच्या कडा पसरतात.